मडगावची नगरपालिका इमारत

मडगाव शहराच्या मध्यभागी असलेली, पोर्तुगीज राजवटीत १९०५ साली बांधलेली सासष्टी तालुक्याच्या पालिकेची इमारत. पालिकेला पोर्तुगीजांत ‘कामरा म्युनिसिपाल’ म्हणत. मुंबईहून आलेले पाहुणे इमारतीला सर्रास ‘व्हिक्टोरियन’ ठरवतात. व्हिक्टोरिया राणी १९०१ सालीच वारली, हे सोडून दिले तरी गोव्याची गादी लंडनला नव्हती, लिस्बनला होती. इमारत उभी राहिली तेव्हा त्या गादीवर दों कार्लुश राजा होता.

मडगावला १७७८ साली ‘व्हिला’चा, म्हणजे नगराचा, दर्जा मिळाला. जुन्या शहराचे केंद्र पवित्र आत्म्याच्या चर्चसमोरचा चौक. पालिकेची सत्ता किती मोलाची होती, ते याच चौकाने २१ सप्टेंबर १८९० रोजी पाहिले. पालिका निवडणुकीच्या वादात जमलेल्या लोकांवर तिथे गोळीबार झाला आणि माणसे मेली. त्यानंतर पंधरा वर्षांनी उभी राहिलेली ही इमारत मात्र चर्चपासून दूर, बाजाराला लागून आहे. चर्चकडच्या भागाला मडगावकर आजही ‘जुने मार्केट’ म्हणतात.

इमारत लांबट आणि कमानदार आहे. गडद लालसर भिंती, कमानींच्या कडांना आणि खांबांना पांढरा रंग. गोव्यात पांढरा शुभ्र रंग चर्चला द्यायचा आणि घरांना, कचेऱ्यांना लाल, पिवळा, निळा, असा रिवाज होता. ही इमारतही त्याला धरूनच आहे, पांढरा रंग फक्त कडांपुरता. समोरच्या चौकाला जॉर्ज बार्रेतो यांचे नाव आहे, बाजूला पालिकेची बाग आहे. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी जिथे सभा घेतली ते मैदानही हाकेच्या अंतरावर आहे.

गोवा १९६१ साली मुक्त झाला. पुढे १९६८ च्या पालिका कायद्याने जुन्या कामरांच्या जागी नगरपालिका आल्या. घरपट्टी भरायला किंवा दुकानाचा परवाना काढायला आलेले लोक मात्र त्याच कमानींखालून आत जातात.

कार्तिकात मालभाटच्या हरिमंदिरातून निघालेली दिंडी कोंबच्या विठ्ठल मंदिराकडे जाते. टाळमृदंगाच्या गजरात ती या भागातून जाते तेव्हा एरवी गाड्यांनी भरलेल्या रस्त्यावर माणसेच माणसे असतात.