आरोग्य सेतू आणि आशाताईंची वही

कोरोनाच्या साथीत केंद्र सरकारचे आरोग्य सेतू अॅप 2 एप्रिल 2020 ला आले, पण संपर्कातल्या माणसांचा माग काढणे त्याआधीच सुरू झाले होते. मार्चमध्येच राज्य सरकारने घरी विलगीकरणात असलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारायला सांगितले होते. आधार होता तो साथरोग कायदा 1897 चा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वेळचा. त्यात अधिकाऱ्यांना संरक्षण आहे. रुग्णाच्या खासगीपणाबद्दल चकार शब्द नाही. तो मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले ते 2017 च्या पुट्टस्वामी निकालात.

अॅपवरचा वाद माहिती कुठे साठते यावर होता. अॅपल आणि गूगलने एप्रिल 2020 मध्ये मांडलेल्या पद्धतीत कोण कोणाजवळ आले याची जुळणी फोनमध्येच होई. आरोग्य सेतूने नाव, नंबर, वय, व्यवसाय सरकारी सर्व्हरवर घेतले, जवळ आलेले फोन टिपणाऱ्या ब्लूटूथच्या जोडीला ठिकाण सांगणारे जीपीएसही मागितले. आधी आदेश, मग नियम, असा आपला क्रम: माहिती साधारण 180 दिवसांत पुसायची, हे ठरले 11 मे रोजी. तोवर नोकरदारांना अॅप सक्तीचे होऊन गेले होते.

यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यात या वादाचा पायाच डळमळीत. ब्लूटूथचे सगळे गणित एक माणूस, एक फोन असे. इथे घरात मिळून एकच स्मार्टफोन, तोही पोराच्या ऑनलाइन शाळेत अडकलेला. बाप वावरात, खिशात बटनांचा फोन. त्यांच्यासाठी 1921 वर मिस्ड कॉलची सोय झाली, म्हणजे ब्लूटूथ नाही, पण उत्तरे त्याच सरकारी साठ्यात.

खरा माग काढला आशाताई, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांनी. पुण्या-मुंबईहून कोण आले, कोणाच्या घरी उतरले, ताप किती, सगळे वहीत. सर्व्हरमधले नाव दिल्लीला कळते, वहीतले पारावर. गावात भीती दुसऱ्याच गोष्टीची होती: किराणा बंद, पाण्याला मनाई, मजुरी नाही. अॅपवर टीका करणाऱ्यांच्या, अगदी रास्त टीका करणाऱ्यांच्याही, लिखाणात ही वही फारशी नसते.

अॅपमधली माग काढण्याची सोय पुढे बंद झाली. ऑगस्ट 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला. तो डिजिटल माहितीपुरता, किंवा कागदावरून नंतर डिजिटल केलेल्या माहितीपुरता. कागदावरच राहिलेली वही त्याच्या कक्षेत येत नाही.