खऱ्या पानावरचा खोटा निवाडा

जुन्या वकिलाच्या ऑफिसात शिरलं की नजर आधी जाते ती भिंतभर मांडलेल्या जाडजूड खंडांकडे. अशील त्यांच्याकडे आदराने बघतो आणि ज्युनिअर धास्तीने, कारण रात्री बसून त्यातून निवाडे हुडकायचं काम त्याचं असतं. यातले बरेचसे खंड ‘एआयआर’चे, म्हणजे नागपुरातून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरचे. थेट १९१४ पासूनचे निवाडे त्यात आहेत. निवाड्याचा पत्ता लिहायची रीतही ठरलेली आहे. ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ म्हणजे १९७३ सालचा खंड, सर्वोच्च न्यायालयाचा भाग, पान १४६१. तिथे केशवानंद भारती खटल्याचा निकाल सुरू होतो. या पत्त्याला वकिली बोलीत सायटेशन म्हणतात.

पत्ता हातात असला तर पान उघडायला किती वेळ लागतो? खरी कसरत पत्ता मिळवण्याची, आणि त्याहून मोठी म्हणजे तो निवाडा आज टिकून आहे का हे कळण्याची. मधल्या काळात वरच्या कोर्टाने तो फिरवला असेल आणि वकील त्याच्याच जोरावर युक्तिवाद करत असेल, तर भर कोर्टात तोंडघशी पडायची वेळ येते.

१८७३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसाने यावर साधी युक्ती काढली. तो डिंक लावलेल्या चिठ्ठ्या विकायचा. एखाद्या निवाड्याचा उल्लेख नंतरच्या कुठल्या निवाड्यांत आला, याची यादी त्या चिठ्ठीवर असे. वकिलाने ती मूळ निवाड्याच्या समासात चिकटवून टाकायची. पुढे चिठ्ठ्यांची पुस्तकं झाली, आणि सुमारे ऐंशी वर्षांनी ही पद्धत यूजीन गारफिल्ड या अमेरिकी माहितीशास्त्रज्ञांच्या कानावर गेली. कायद्यात जमतं ते विज्ञानात का नाही, असा विचार करून त्यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात लेख लिहिला आणि १९६४ मध्ये शोधनिबंधांची तशीच सूची काढली. कोण कोणाचा दाखला देतं यावरून वजन ठरवायची हीच कल्पना १९९८ मध्ये गूगलच्या जन्मदात्यांनी वेबपानांना लावली. गूगलच्या वंशावळीत वकिलाच्या टेबलावरची डिंकाची चिठ्ठी बसलेली आहे! तंत्रज्ञान बाहेरून येऊन वकिलीत घुसलं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून ऐकवतो.

लेक्सिस ही अमेरिकी सेवा १९७३ मध्ये सुरू झाली आणि कळफलकावर शब्द टाकून निवाडे शोधता येऊ लागले. वकिलांना वाटलं, आता काही निसटणार नाही. हा भरवसा किती पोकळ होता ते १९८५ मध्ये डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या दोन संशोधकांनी दाखवून दिलं. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ‘बार्ट’ रेल्वेच्या एका अपघाताचा दावा चालू होता. सुमारे ४०,००० कागदपत्रं, साडेतीन लाख पानं संगणकात भरलेली होती. उपयोगाचे कागद निदान ७५ टक्के तरी हाती लागले आहेत, अशी वकिलांची खात्री होती. मोजून पाहिलं तर जेमतेम २० टक्के निघाले.

दोष शब्दांचा होता. वकील शोधत होते ‘अपघात’; पण ज्यांच्यावर शेकणार होतं त्यांनी आपल्या पत्रांत तो शब्द लिहिलाच नव्हता. ते लिहीत ‘घटना’, ‘प्रकार’, ‘अडचण’. स्वतःच्या अंगावर येणाऱ्या गोष्टीला कोण सरळ नावाने हाक मारतं? आपल्याकडेही तीच गत. जमिनीच्या एकाच कागदाला कुणी सातबारा म्हणतं, कुणी नुसता उतारा, आणि इंग्रजी निकालात तो रेकॉर्ड ऑफ राइट्स होऊन बसतो.

आताची यंत्रं हे कोडं वेगळ्या वाटेने सोडवतात. ती शब्दाला आकड्यांच्या रांगेत बदलतात. ज्या शब्दांच्या आजूबाजूला सारखेच शब्द येतात त्यांच्या रांगाही एकमेकींच्या जवळ पडतात. म्हणून ‘अपघात’ विचारलं तरी ‘दुर्दैवी प्रकार’ सापडतो. माझ्या मते वकिलीतला खरा मोठा बदल हाच, आणि त्याची फारशी बातमी झाली नाही.

बातमी झाली ती दुसऱ्याच गोष्टीची. विमानात खाद्यपदार्थांची ढकलगाडी गुडघ्याला लागली म्हणून एका प्रवाशाने एव्हियांका कंपनीवर दावा लावला होता. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात त्याच्या वकिलांनी दिलेल्या दाखल्यांपैकी सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. ते चॅटजीपीटीने रचले होते. त्यातला एक खरा आहे का, असं वकिलाने विचारलं, तेही चॅटजीपीटीलाच. साक्षीदार खरं बोलतो का हे त्यालाच विचारण्यातला प्रकार! यंत्राने होकार दिला. कोर्टाने ५,००० डॉलरचा दंड ठोठावला.

असं यंत्र आधीच्या मजकुरावरून पुढचा शब्द कोणता शोभेल एवढंच हिशेबाने ठरवतं. आणि सायटेशनइतकी ठरीव घडणीची गोष्ट कायद्यात दुसरी नाही: संक्षेप, साल, कोर्ट, आकडा. साचा पाठ झाला की त्यात कोणताही आकडा बसतो. शब्दशोधात जे होतं ते सापडत नव्हतं; इथे जे नाही तेही सापडतं.

यावर तोड म्हणून आधी खऱ्या निवाड्यांच्या साठ्यात शोधायचं आणि मग त्यातूनच उत्तर लिहायचं, अशी खास वकिलांसाठीची साधनं आली. पुस्तक उघडं ठेवून परीक्षा द्यावी तसं. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ती तपासली, तर दर सहा प्रश्नांत निदान एकदा त्यांचीही गफलत होत होती. काही चुका तर मोठ्या फसव्या. निवाडा खरा, पण पक्षकाराच्या वकिलाचं म्हणणं कोर्टाचा निर्णय म्हणून सांगितलेलं. निवाड्यात आधी दोन्ही बाजूंचे युक्तिवाद येतात आणि कोर्टाचं मत बरंच खाली, हे नवख्या ज्युनिअरलाही पहिल्या महिन्यात ठेच लागून कळतं.

आपल्याकडे पडताळून पाहायला आता पैसेही पडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडे जानेवारी २०२३ पासून ‘ई-एससीआर’ या न्यायालयाच्याच ऑनलाइन साठ्यात फुकट उघडतात. पण पडताळायचं म्हणजे नेमकं काय? केशवानंदचा निकाल शेकडो पानं चालतो. त्यामुळे कुणी ‘एआयआर १९७३ एससी १५००’ असा पत्ता दिला, तर खंड हाताळलेला माणूस लगेच थबकेल, कारण १५०० व्या पानावर दुसरा निवाडा सुरू होणं शक्यच नाही. एव्हियांका खटल्यात असंच झालं. चॅटजीपीटीने ‘वर्गीज’ नावाच्या बनावट निवाड्याला खंड ९२५, पान १३३९ असा पत्ता दिला होता. न्यायाधीशांनी पाहिलं, तर तो पत्ता १२९१ व्या पानावर सुरू झालेल्या एका भलत्याच निकालाशी जोडलेला निघाला.