स्टीलची पट्टी आणि काशाची वाटी: घासण्यामागची पार्श्वभूमी

हल्ली आमच्या सिंधुदुर्गातसुद्धा बऱ्याच फिजिओंकडे टाच नाहीतर कोपर घेऊन गेलात की ड्रॉवरमधून एक चकचकीत, वाकडी स्टीलची पट्टी बाहेर निघते, कातडीवर थोडं जेल लावतात आणि दुखऱ्या जागेवर खरडायला सुरुवात होते. नाव लांबलचक आहे, इन्स्ट्रुमेंट असिस्टेड सॉफ्ट टिश्यू मोबिलायझेशन, फिजिओ लोक आयएएसटीएम म्हणतात, आणि वेटिंगमध्ये बसलेले पेशंट नुसतं "पट्टी मारून घेतली" म्हणतात.

माझी केस टाचेची. मालवणच्या बाजारात दिवसभर दुकानात उभं राहायचं, खाली टाईल्स, घरीही टाईल्स (आजीच्या घरात शेणाने सारवलेली जमीन होती, तेव्हा टाच दुखते म्हणणारं कोणी आठवत नाही, पण ते सोडा, तेव्हा दुखलं तरी सांगणार कोणाला), आणि गेल्या पावसाळ्यापासून सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. प्लांटर फॅसायटिस, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून जाणारी जी जाड पट्टी असते तिचं दुखणं. आधी एका ठिकाणी गेलो तिथे टाच निळीजांभळी होईपर्यंत खरडली आणि वर सांगितलं की हे टॉक्सिन बाहेर पडतायत. चार दिवस लंगडत होतो. दुसऱ्या ठिकाणी कुडाळला एक मुलगी आहे फिजिओ, तिने हलक्या हाताने केलं, आणि पट्टी बघून सोबत आलेली आई म्हणाली, "अरे मेल्या, ही तर आमची काशाची वाटीच मा रे!"

तिथून मी हे शोधायला लागलो, की ही घासाघाशी मुळात आली कुठून.

काशाची वाटी माहीत नसलेलं मराठी घर तसं विरळाच. तांबं आणि कथील मिळून कासं होतं, त्याची वाटी, तळव्याला साजूक तूप नाहीतर खोबरेल लावायचं आणि वाटीच्या बुडाने गोल गोल घासायचं, थोड्या वेळाने तळवा काळा पडतो आणि आजी खूश, बघ किती उष्णता होती अंगात. डोळ्यांची आग, झोप न येणं, उन्हातान्हात काम करून पाय जळजळणं, सगळ्यावर एकच वाटी. पायाला तेल चोळण्याचं कौतुक चरकसंहितेतही आहे, पादाभ्यंग म्हणून, रुक्षपणा जातो, थकवा जातो, पायाला बळ येतं वगैरे. तो काळा रंग मात्र अंगातून आलेला नसतो, तूपतेल आणि घाम तांब्याच्या धातूवर घासला की ते काळं होतं इतकंच, पण हे आजीला सांगायची हिंमत आमच्या घरात कोणाला झाली नाही. शिवाय रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून कंबर धरली की गरम उंडेल, म्हणजे उंडीच्या बियांचं तेल, चोळायचं, आणि उसण भरली तर गावातला पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला माणूस गाठून त्याचा पाय पाठीला लावून घ्यायचा, हेही होतंच. उपाय आणि त्यामागचं कारण हे कायम जोडीने यायचं, आणि उपाय एकच राहून कारण बदलत गेलं असं मला हे सगळं वाचताना वारंवार दिसलं.

ग्रीक-रोमन लोकांचं बघा. त्यांच्याकडे स्ट्रिजिल नावाचं धातूचं वाकडं, आतून पन्हळीसारखं हत्यार होतं, कुस्तीबिस्ती खेळून झाली की अंगावरचं ऑलिव्ह तेल, घाम आणि माती त्याने खरवडून काढायची. आपल्या न्हाणीतली वज्री जशी टाचेवर चालवतो तशी ती सगळ्या अंगावर. म्हणजे मूळ हेतू स्वच्छतेचा. पण गंमत पुढे आहे, तो खरवडलेला चिकट मळ ते टाकत नसत, औषध म्हणून विकत, सांधे नरम करायला आणि सुजेवर लावायला. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय की व्यायामशाळांचे प्रमुख हा मळ विकून ८०,००० सेस्टर्स (रोमन नाणी) कमवत. पैलवानाच्या घामाला एवढा भाव! अंग खरवडणाऱ्या खेळाडूचे पुतळेसुद्धा बनवायचे, त्यातला एक ब्राँझचा पुतळा क्रोएशियाजवळ समुद्राच्या तळाशी पडलेला होता, तो १९९९ साली वर काढला. आमच्या जाळ्यात असलं काही येत नाही, प्लास्टिक येतं.

आज फिजिओच्या हातातल्या पट्टीचा आकार बघितला तर तो स्ट्रिजिलच्या जवळचा वाटतो आणि म्हणून कंपन्यांच्या जाहिरातीत "हजारो वर्षांची परंपरा" असं टाकून मोकळे होतात. पण दुखण्यावर उपाय म्हणून खरवडायचं, हे ठळकपणे पूर्वेकडे सापडतं. चीनमध्ये गुआ शा, गुआ म्हणजे खरवडणं आणि शा म्हणजे खरवडल्यावर कातडीवर उठतात ते लाल बारीक ठिपके. म्हशीचं शिंग, जेडचा दगड, नाणं, सूप प्यायचा चिनी मातीचा चमचा, जे हाताशी असेल ते. व्हिएतनाममध्ये हेच तेल लावून नाण्याने करतात, नाव काओ झो, शब्दशः वारा खरवडणे. इंडोनेशियात केरोकान, तिथेही तक्रार तीच, अंगात वारा शिरला. आपल्याकडे "वात धरला" म्हणतात त्यांना हे काही परकं वाटू नये! १९७५ नंतर व्हिएतनामी निर्वासित अमेरिकेत गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांना पोरांच्या पाठीवर लाल पट्टे दिसले आणि आईबाप मारतात असा संशय घेतला गेला, बिचारे ताप उतरवत होते.

या ठिपक्यांचं पुढे मोजमापही झालं. २००७ मध्ये ११ धडधाकट माणसांवर गुआ शा करून बघितलं तर त्या जागेच्या कातडीतला रक्तपुरवठा सुरुवातीची साडेसात मिनिटं चौपट झालेला दिसला. म्हणजे काहीतरी घडतं हे खरं. ते ठिपके म्हणजे फुटलेल्या बारीक केशवाहिन्यांचं रक्त असतं, विष नाही, हे माझ्या पहिल्या फिजिओला कोणीतरी सांगायला हवं.

आता युरोपकडून येणारी वाट वेगळी आहे, आणि माझ्या मते आजच्या पट्टीचा खरा बाप तिकडचा आहे. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये जेम्स सिरियाक्स नावाचे डॉक्टर होते (१९०४ ते १९८५). त्यांचे आजोबा स्वीडनचे नावाजलेले हाताने उपचार करणारे, वडीलही त्याच धंद्यात, म्हणजे घरातच मालिशीची विद्या, फक्त या पोराने तिला मेडिकलची शिस्त लावली. १९४७ पासून त्यांचं ऑर्थोपेडिक मेडिसिनचं पाठ्यपुस्तक यायला लागलं. त्यांचं म्हणणं असं की नुसतं वरवर चोळून भागत नाही, दुखरा स्नायूबंध नेमका शोधायचा आणि त्याच्या तंतूंना आडवं, खोलवर, बोटाच्या टोकाने घासायचं. सुंभाच्या दोरीवर हात लांबीने फिरवला तर नुसता सरकतो, आडवा रगडला तर पीळ सुटे होतात, साधारण ही कल्पना. कारण काय दिलं, तर जखम भरताना आत जे चिकटलेलं असतं ते मोकळं होतं.

पण यात अडचण पेशंटची नव्हती, बोटांची होती. एकेका जागी दहा-पंधरा मिनिटं असं रगडायचं, दिवसातून कितीतरी पेशंट, उपचार करणाऱ्याचाच अंगठा कामातून जायचा.

आणि अंगठा दुखला म्हणूनच स्टील आलं. अमेरिकेत डेव्हिड ग्रॅस्टन नावाचा माणूस वॉटर स्कीइंग करताना पडला, गुडघा दुखावला, उपचार करूनही गुडघा नीट वाकेना, मग तो स्वतःच आडवं घर्षण करायला लागला आणि त्याची बोटं थकली. हा काही डॉक्टर नव्हे, मशीनवर धातूकाम जाणणारा, त्यामुळे त्याने आपल्या गुडघ्याला बसतील अशी हत्यारं बनवून घेतली. हे १९८०च्या दशकाच्या शेवटाकडचं. पुढे इंडियाना राज्यातल्या मन्सी गावात बॉल मेमोरियल हॉस्पिटल आणि बॉल स्टेट युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी त्यावर अभ्यास सुरू केला आणि १९९०च्या दशकात ग्रॅस्टन टेक्निक या नावाने सहा स्टीलच्या हत्यारांचा सेट आणि त्याचे कोर्स बाजारात आले. मग इतर कंपन्या आल्या, आता ऑनलाईनवर काही शे रुपयांतही तसल्या पट्ट्या मिळतात.

स्टीलचा अजून एक फायदा फिजिओने मला माझ्याच टाचेवर दाखवला. पट्टी चांगल्या भागावरून सुळकन जाते आणि दुखऱ्या भागावर आली की हाताला खरखर लागते, तांबोशाची खवलं काढताना सुरीतून बोटांना कळतं ना कुठे साफ झालंय आणि कुठे राहिलंय, अगदी तसं. माझ्या टाचेच्या आतल्या बाजूला ती खरखर मला पण जाणवली.

घासण्यामागचं कारण आता तिसरं झालं होतं. वारा नाही, उष्णता नाही, आता "स्कार टिश्यू (जखम भरताना आत चिकटून राहिलेला भाग) तोडतो" आणि "पेशी जाग्या करतो". पेशींचं म्हणणं उंदरांवरून आलं. १९९७ मध्ये उंदरांच्या टाचेमागचा स्नायूबंध मुद्दाम बिघडवून वर हत्यार चालवलं तर फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलाजन विणणाऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, १९९९ मध्ये दिसलं की जास्त दाबाला जास्त पेशी. २००९ मध्ये उंदरांच्या दोन्ही गुडघ्यांचे लिगामेंट (हाडाला हाड बांधणारे पट्टे) दुखावून एकाच बाजूला आठवड्यातून तीनदा, एकेक मिनिट घर्षण दिलं, तर चौथ्या आठवड्यात घासलेलं लिगामेंट ४३ टक्के जास्त मजबूत निघालं. जाहिरातीत इथवरच सांगतात. बाराव्या आठवड्यात मजबुतीचा तो फरक उरलेला नव्हता, न घासलेलंही तोवर भरून आलं होतं.

आणि ते तोडण्याबिडण्याचं तर गणितच कोसळलं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी हिशोब मांडला की तळव्याखालची ती पट्टी नुसती एक टक्का दाबायची तर साधारण ८५२ किलोचा भार लागेल, आणि एक टक्का सरकवायची तर ४२४ किलोचा. म्हणजे माझ्या टाचेवर माणसांनी भरलेली रिक्षा उभी करून वर हापूसच्या पेट्या ठेवाव्या लागतील, कुडाळच्या त्या पोरीचा मनगटाचा जोर किती असणार! २०१६ मध्ये माणसांवरच्या सात चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हाही निष्कर्ष फार उत्साहाचा नव्हता, सांध्याची हालचाल थोड्या वेळापुरती वाढते असं दिसतं, पण दुखापतीवर ठाम पुरावा म्हणावा असं नाही. आता बरेच जण म्हणतात की कातडीतल्या मज्जातंतूंना वेगळी जाणीव मिळते, मेंदू दुखण्याचा आवाज थोडा कमी करतो, आणि त्या मोकळ्या वेळात व्यायाम करून घ्यायचा. हे चौथं कारण.

व्यायाम म्हणजे माझ्या बाबतीत चिऱ्याच्या पायरीवर उभं राहून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल घालून, टाच हळूहळू वर उचलायची आणि हळूहळू खाली आणायची, दिवसाआड. डेन्मार्कमध्ये यावर चाचणी झालीय, तीन महिन्यांनी नुसत्या स्ट्रेचिंगपेक्षा याने जास्त आराम पडला. कंटाळवाणं आहे, पण सकाळचा खिळा आता टाचणीएवढा झालाय, पट्टीने झाला की पायरीने की नुसत्या दिवसांनी, देव जाणे.

शेवटच्या खेपेला आईने ती पट्टी मागून हातात घेतली, वजन करून बघितली, कडेवरून बोट फिरवलं आणि फिजिओला विचारलं,

"घासल्यार तेल काळा पडता काय गो?"

"नाय ओ काकी, स्टील आसा ता."

"मगे उष्णता जाता खंय?"