बोटीच्या इंजिनासाठी ऑइल फिल्टर निवडताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाळे, करावे, सारसोळे, वाशी, ऐरोली या भागांतील मच्छीमार बांधव आणि खाडीत प्रवासी व पर्यटक नेणारे बोटचालक आमच्या दुकानात ऑइल फिल्टर घेण्यासाठी येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात जुना फिल्टर असतो आणि मागणी एकच असते, "असाच द्या." जुना फिल्टर सोबत आणणे चांगलेच आहे. परंतु त्यावरून एवढेच कळते की मागच्या वेळी इंजिनावर काय बसवले होते. ते योग्य होते की नाही, हे कळत नाही. आट्यांवर फिरला, घट्ट बसला आणि गळला नाही म्हणजे फिल्टर बरोबर आहे, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे. बोटीचे इंजिन खाडीच्या तोंडाशी किंवा समुद्रात बंद पडले तर ते रस्त्याच्या कडेला लावून मेस्त्रीची वाट पाहता येत नाही, म्हणून हा समज दूर व्हावा या हेतूने हे माहितीपत्रक काढले आहे.

येताना काय आणावे

इंजिनावर धातूची एक पट्टी असते आणि तिच्यावर मॉडेल व इंजिन क्रमांक कोरलेला असतो. मोबाइलवर तिचा स्पष्ट फोटो काढून आणावा. पट्टीवर रंग चढला असेल किंवा गंज आला असेल, तर आधी कापडाला थोडे डिझेल लावून ती पुसून घ्यावी. इंजिनाची पुस्तिका असल्यास उत्तमच, कारण तिच्यात फिल्टरचा भाग क्रमांक दिलेला असतो. त्या क्रमांकावरून दुसऱ्या कंपनीचा पर्यायी फिल्टरही खात्रीने शोधता येतो. यासोबत फिल्टर इंजिनावर कसा बसतो, म्हणजे तोंड वर करून उभा, आडवा की उलटा, याचाही एक फोटो आणावा. त्याचे कारण पुढे दिले आहे.

आपल्याकडील अनेक इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेली) इंजिने मुळात ट्रकच्या इंजिनावरून बोटीसाठी तयार केलेली असतात. त्यामुळे ट्रकचा फिल्टर चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. बोटीच्या इंजिनाच्या पुस्तिकेत तोच भाग क्रमांक दिला असेल, तर तो निःशंकपणे वापरावा. वर 'मरिन' असे छापले आहे एवढ्यासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही. मात्र बोटीत जागेच्या अडचणीमुळे फिल्टरची बैठक बदललेली असू शकते. तशी ती बदललेली असेल, तर क्रमांक जुळला तरी पुढील गोष्टी तपासाव्याच लागतात.

आटे आणि गॅस्केट

दुकानाच्या टेबलावर दोन फिल्टर शेजारी ठेवले, तर डोळ्यांना ते जुळे भाऊ वाटतात. एकाचे आटे ३/४ इंच, इंचाला १६ असे असतात, तर दुसऱ्याचे २० मिलिमीटर व्यासाचे आणि १.५ मिलिमीटर पिचचे, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमध्ये तेवढे अंतर असलेले, असतात. पहिल्याचा व्यास १९.०५ मिलिमीटर आणि पिच सुमारे १.५९ मिलिमीटर भरते. हा फरक इतका थोडा आहे की, ३/४ इंचाच्या स्टडवर (इंजिनावरच्या आटेदार दांड्यावर) २० मिलिमीटरचा फिल्टर फिरतो, काही आटे धरतो आणि हाताला घट्ट झाल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात आट्यांची पकड अर्धवटच असते. सकाळी थंड ऑइलचा दाब एकदम वाढला किंवा इंजिनाचा थरथराट बराच वेळ चालू राहिला, की असा फिल्टर सैल होतो किंवा निसटतो आणि काही क्षणांत सारे ऑइल बोटीच्या तळात जाते. यासाठी आम्ही जुन्या फिल्टरच्या आट्यांना पिच गेज लावून पाहतो. जुन्या फिल्टरचे आटे इंजिनाच्या माहितीशी जुळत नसतील, तर बोटीवरचा स्टड मोजल्याशिवाय नवा फिल्टर देत नाही. ग्राहकांना यासाठी कधी दुसरी खेप पडते, त्याबद्दल त्यांनी नाराज होऊ नये, ही विनंती.

रबरी गॅस्केटचा, म्हणजे गळती रोखणाऱ्या कड्याचा, आतला व बाहेरचा व्यासही इंजिनावरील बैठकीच्या मशिन केलेल्या भागावर पूर्ण बसला पाहिजे. तो कडेवर आला, तर सुरुवातीला गळती दिसत नाही, पण इंजिन तापल्यावर ती सुरू होते.

आत दडलेल्या दोन झडपा

पहिली झडप म्हणजे बायपास व्हॉल्व्ह. फिल्टरचा कागद घाणीने भरला किंवा ऑइल फार घट्ट असले, तर कागदाच्या दोन्ही बाजूंच्या दाबांत फरक पडतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ही झडप उघडते आणि ऑइल न गाळता पुढे जाऊ देते. न गाळलेले ऑइल वाईट खरे, पण ऑइलच न मिळणे बेअरिंगसाठी त्याहून कितीतरी वाईट असते. काही इंजिनांत ही झडप ब्लॉकमध्ये किंवा फिल्टरच्या बैठकीत असते आणि काहींत ती फिल्टरमध्येच बसवलेली असते. ज्या इंजिनाची झडप फिल्टरमध्ये असायला हवी, त्याला बिनझडपेचा फिल्टर लावला, तर कागद तुंबल्यावर तो आत दबून फाटतो किंवा इंजिनाला ऑइल कमी पडते. झडप किती दाबाला उघडते, हेही इंजिनागणिक वेगळे असते, म्हणून 'आत व्हॉल्व्ह आहे ना' एवढेच विचारून भागत नाही.

येथे एक धोका आवर्जून सांगावासा वाटतो. डिझेल फिल्टर आणि ऑइल फिल्टर हे पुष्कळदा सारख्याच आकाराचे आणि सारख्याच आट्यांचे असतात. डिझेल फिल्टरचा कागद बहुधा जास्त बारीक असतो आणि त्यात बायपास झडप नसते. त्यामुळे तो चुकून ऑइलच्या जागी बसला, तर घट्ट ऑइल त्यातून पुरेसे जाऊ शकत नाही. बोटीवर दोन्ही प्रकारचे सुटे फिल्टर ठेवत असाल, तर त्यांवर ठळक अक्षरांत नाव लिहून ते वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत.

दुसरी झडप रबराची असते आणि इंजिन बंद झाल्यावर ती फिल्टरमधील ऑइल मागे वाहू देत नाही. तोंड वर करून उभ्या बसणाऱ्या फिल्टरमध्ये ऑइल तसेही बरेचसे टिकून राहते. आडव्या किंवा उलट्या बसणाऱ्या फिल्टरला मात्र ही झडप अत्यावश्यक आहे. ती नसेल किंवा रबर कडक झाले असेल, तर रात्रभर बंद राहिलेले इंजिन सकाळी सुरू करताना ऑइल प्रेशरचा काटा उशिरा चढतो आणि तोवर इंजिन खडखडते. हा आवाज रोज सकाळी ऐकू येत असेल, तर इंजिन म्हातारे झाले असे मानण्याआधी फिल्टर तपासून पाहावा. सिलिकॉन रबराची झडप उष्णतेत साध्या नायट्राइल रबरापेक्षा अधिक काळ मऊ राहते, म्हणून आडव्या बैठकीसाठी आम्ही तिलाच पसंती देतो.

मायक्रॉन आणि गाळणीचा कागद

खोक्यावरचा मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) आकडा जितका लहान तितका फिल्टर चांगला, असे मानले जाते. परंतु तो आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्या आकाराच्या कणांपैकी किती टक्के कण अडवले जातात, हे सोबत दिले असेल तरच त्याला अर्थ आहे. २० मायक्रॉनचे निम्मे कण अडवणारा आणि ९९ टक्के कण अडवणारा, असे दोन्ही फिल्टर '२० मायक्रॉन' म्हणून विकता येतात. आयएसओ ४५४८-१२ ही या चाचणीची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्यानुसार तपासलेली टक्केवारी कंपनी देत असेल, तर त्या फिल्टरला प्राधान्य द्यावे. गाळणी गरजेपेक्षा बारीक असेल आणि कागदाचे क्षेत्रफळ तेवढेच राहिले, तर ती लवकर तुंबते, मग बायपास झडप उघडी राहते आणि जास्त पैसे देऊन शेवटी न गाळलेले ऑइलच इंजिनात फिरते.

बोटीच्या बाबतीत पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. साधा सेल्युलोजचा कागद पाणी शोषून फुगतो आणि ऑइलची वाट अडवतो. सिंथेटिक किंवा मिश्र तंतूंच्या गाळणीवर पाण्याचा परिणाम कमी होतो, म्हणून वर्षभर चालणाऱ्या बोटींसाठी तिची जास्तीची किंमत आम्हांला रास्त वाटते. मात्र ऑइल दुधाळ किंवा चहाच्या रंगाचे दिसू लागले असेल, तर ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केटमधून पाणी येत असण्याची शक्यता असते. कोणताही फिल्टर त्यावर उपाय नाही. अशा वेळी इंजिन चालवू नये आणि आधी मेस्त्रीला दाखवावे.

खाऱ्या हवेमुळे फिल्टरचा पत्राही गंजतो. बोटीच्या तळातील पाण्याजवळ बसणाऱ्या फिल्टरला खालच्या कडेला आणि तोंडाजवळच्या दुमडीत गंज प्रथम दिसतो. पोचा आलेला किंवा रंगाचे पापुद्रे सुटलेला फिल्टर नवा असला तरी लावू नये.

आउटबोर्ड इंजिने

टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनात) ऑइल पेट्रोलसोबत जळते, त्यामुळे त्याला असा फिल्टर नसतो. फोर-स्ट्रोक आउटबोर्डला असेल, तर तो आकाराने लहान असतो आणि मोटरसायकलच्या किंवा छोट्या कारच्या फिल्टरसारखा दिसतो. दिसण्यावर न जाता भाग क्रमांकच पाहावा. सोबत ऑइल घेताना डब्यावर 'एफसी-डब्ल्यू' ही खूण असल्याची खात्री करावी, कारण या दर्जाच्या ऑइलची गंजरोधक चाचणीही झालेली असते.

कधी बदलावा

महिन्यांवर न जाता इंजिन किती तास चालले, यावर हिशेब ठेवावा. बऱ्याच इनबोर्ड डिझेल इंजिनांच्या पुस्तिकांत २०० ते २५० तास, तर फोर-स्ट्रोक आउटबोर्डसाठी ऑइलकरिता सुमारे १०० तास दिलेले असतात. नव्या इंजिनाची पहिली बदली याहून बरीच लवकर करायची असते. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतील आकडाच अंतिम मानावा. जाळ्यापाशी इंजिन मंद चालू ठेवून बराच वेळ थांबावे लागत असेल, तर तो आकडा आणखी खाली आणावा, कारण कमी भारावर इंजिन पुरेसे तापत नाही आणि काजळी, न जळलेले डिझेल व बाष्प ऑइलमध्ये उतरत राहते.

पावसाळी मासेमारी बंदी साधारणपणे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते. बोटी शाकारताना जुने ऑइल तसेच ठेवून नारळी पौर्णिमेच्या सुमारास ते बदलण्याची पद्धत आपल्याकडे आहे. आमचा आग्रह याच्या उलट आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा असतो आणि तो दोन महिने बेअरिंगला चिकटून राहतो. म्हणून बोट वर ओढण्यापूर्वी ऑइल व फिल्टर दोन्ही बदलावेत आणि नवे ऑइल सर्वत्र पोहोचेल इतका वेळ इंजिन चालवून मगच ते बंद करावे. पाण्याबाहेर असलेले पाण्याने थंड होणारे इंजिन मात्र पाण्याची सोय केल्याशिवाय सुरू करू नये.

बसवताना

जुना फिल्टर काढल्यावर त्याचे गॅस्केट त्याच्यासोबतच आले आहे ना, हे हाताचे बोट फिरवून पाहावे. जुने गॅस्केट बैठकीला चिकटून राहिले आणि त्यावर नवे बसले, तर दाब येताच ते बाहेर सरकते आणि ऑइल वाहून जाते. नव्या गॅस्केटला नवे ऑइल लावावे. गॅस्केट टेकल्यावर फिल्टर हातानेच अर्धा ते पाऊण फेरा, किंवा त्याच्यावर छापले असेल तितका, आवळावा. पाना किंवा साखळी फक्त काढण्यासाठी वापरावी. उभ्या फिल्टरमध्ये आधी ऑइल भरायचे असल्यास ते कडेच्या बारीक छिद्रांतून भरावे. मधल्या मोठ्या छिद्रातून ओतलेले ऑइल न गाळता थेट बेअरिंगकडे जाते. इंजिन काही मिनिटे चालवून गळती पाहावी, मग ते बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिकवर पातळी तपासावी.

काढलेला फिल्टर उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी, असे आम्ही मनापासून सुचवतो. करवतीने कापल्यास तिचाच कीस आत पडतो, म्हणून त्यासाठी फिल्टर कटर वापरावा. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात तिरप्या धरल्या की चकाकणारे कण दिसतात. लोहचुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे, म्हणजे लायनर, रिंग किंवा गिअर यांचे असू शकतात. न चिकटणारे तांबूस किंवा रुपेरी कण बहुधा बेअरिंगचे किंवा पिस्टनचे असतात. थोडी बारीक धूळ सर्वच इंजिनांत सापडते, परंतु नखाने उचलता येतील असे पापुद्रे दिसले तर बोट समुद्रात नेऊ नये. कटर आमच्या दुकानात उपलब्ध आहे आणि आमच्याकडून घेतलेला फिल्टर आम्ही विनामूल्य कापून दाखवतो.

जुने ऑइल आणि फिल्टर खाडीत किंवा जेट्टीवर टाकू नयेत. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. त्याहीपेक्षा, याच पाण्यात आपली जाळी पडतात. २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवे. फिल्टर गरम असतानाच त्याला भोक पाडून रात्रभर भांड्यावर उलटा ठेवावा. निथळलेले ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून फिल्टरसह आमच्याकडे आणून द्यावे. त्या कॅनमध्ये पाणी, पेट्रोल किंवा कुलंट मिसळू नये, कारण तसे ऑइल पुनर्प्रक्रियेसाठी स्वीकारले जात नाही.