फ्रान्सच्या गावरस्त्यांवरची निवांत सायकल: पार्श्वभूमी

फ्रान्स आणि सायकल म्हटलं की आपल्याला जुलै महिन्यातली तूर द फ्रान्स आठवते. पिवळी जर्सी, घाटात गर्दी करून ओरडणारे लोक, टीव्हीवर दिसणारी सूर्यफुलांची शेतं. त्याच शेतांमधून, उरलेले अकरा महिने, दुसऱ्याच प्रकारचे सायकलस्वार जात असतात. हँडलवर नकाशाची पिशवी, मागे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकवलेल्या पॅनियर नावाच्या पिशव्या, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, वाटेत बेकरीतून घेतलेला पाव आणि चीज, संध्याकाळी नदीकाठच्या नगरपालिकेच्या कॅम्पिंगवर तंबू. घाई कोणालाच नसते. हे निवांत सायकलिंग शर्यतीइतकंच जुनं आहे, आणि तूर द फ्रान्सपेक्षा तर नक्कीच जुनं. त्यामागे रस्ते बांधणारी गावं आहेत, क्लब आहेत, कायदे आहेत आणि काही हट्टी माणसं आहेत.

सुरुवात रस्त्यांपासून करायला हवी, कारण मला तरी या सगळ्याचं मूळ तिथेच दिसतं. २१ मे १८३६ रोजी फ्रान्समध्ये गावरस्त्यांचा कायदा झाला. रस्त्यांची देखभाल ही त्या-त्या गावच्या कम्यूनची सक्तीची जबाबदारी ठरली. आपल्या ग्रामपंचायतीशी ताडून पाहावी अशी ही सर्वांत खालची स्वराज्य संस्था, आणि आजही फ्रान्समध्ये अशा जवळजवळ पस्तीस हजार कम्यून आहेत. पैसा नसलेल्या गावांसाठी कायद्याने श्रमदानाची सोय केली होती. धडधाकट पुरुषाने वर्षातून तीन दिवसांपर्यंत रस्त्यावर काम करायचं, बैल किंवा घोडागाडी असेल तर तीही आणायची, नाहीतर तेवढे पैसे भरायचे. खडी फोडणं, चर खणणं, कडेचं गवत कापणं ही कामं शेतकऱ्यांनी शेतीच्या हंगामातून वेळ काढून केली. धान्य बाजारात नेता यावं एवढाच त्यामागचा हिशोब होता. वळणं जमिनीच्या चढउताराला धरून घेतली, कारण चढ जनावरांना झेपायला हवा होता. पुढे सायकल आली तेव्हा जनावराला झेपणारा तोच चढ पायांनाही झेपला.

मग गावं रिकामी होत गेली. माणसं कारखान्यांकडे आणि शहरांकडे गेली, पहिल्या महायुद्धाने खेड्यांतली तरणी पिढी कापून काढली, जड वाहतूक आधी राष्ट्रीय मार्गांवर आणि नंतर टोल घेणाऱ्या ओतोरूत या द्रुतगती महामार्गांवर गेली. रस्ते मात्र जागेवर राहिले, आणि पुढे त्यांच्यावर डांबरही पडलं. आज देशातलं रस्त्यांचं जाळं दहा लाख किलोमीटरच्या वर आहे, आणि त्यातला बहुतेक भाग या लहान स्थानिक रस्त्यांचा आहे. क्रूझ किंवा जेर्ससारख्या विरळ वस्तीच्या जिल्ह्यात अर्धा-अर्धा तास मोटार भेटत नाही, ती यामुळे. कडेला पांढरा किलोमीटरचा दगड असतो, त्याचं डोकं पिवळं, त्यावर ‘डी’ आणि रस्त्याचा क्रमांक, बाजूला पुढच्या गावाचं नाव आणि अंतर. पिवळं डोकं म्हणजे रस्ता जिल्ह्याचा. राष्ट्रीय मार्गाच्या दगडाचं डोकं लाल.

सायकलचा इतिहास इथे थोडक्यात पुरे. १८६० च्या दशकात पॅरिसच्या मिशो कुटुंबाने पुढच्या चाकाला पेडल लावलेली सायकल विकायला काढली. जवळपास सारख्या उंचीच्या दोन चाकांची, साखळीवर चालणारी रोव्हर सायकल इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास आली. १८८८ मध्ये डनलॉपचं हवेचं टायर आलं आणि १८९१ मध्ये मिशलँने ते चटकन काढता येईल असं केलं. म्हणजे रस्त्यात पंक्चर झालं तरी माणूस स्वतःच दुरुस्त करू शकला, आणि लांबच्या प्रवासाचा धीर इथे आला. सरकारने १८९३ मध्ये प्रत्येक सायकलवर वर्षाला दहा फ्रँक कर बसवला. पुढे तो भरल्याचा पुरावा म्हणून धातूची पट्टी सायकलला लावावी लागे. हा कर थेट १९५८ पर्यंत टिकला.

१८९० मध्ये काही सायकलस्वारांनी मिळून तूरिंग क्लब द फ्रान्स काढला. पहिल्या महायुद्धाच्या आधीच त्याची सभासदसंख्या एक लाखाच्या वर गेली होती. या क्लबने केलेलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. त्या काळी गावातल्या खाणावळीची खोली म्हणजे धुळीने भरलेले जाड पडदे, न धुता येणाऱ्या भिंती आणि हवेचा पत्ता नाही. क्लबने १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक नमुना खोली मांडली: फिकट, धुता येतील अशा भिंती, साधं फर्निचर, हलके पडदे. मग देशभरच्या मालकांच्या मागे लागून खोल्या आणि संडास सुधारून घेतले, चांगल्या जागांची यादी छापली, रस्त्यांवर दिशादर्शक पाट्या लावल्या. पुढे क्लब मोटारवाल्यांकडे झुकला आणि १९८३ मध्ये बंद पडला. लहानशा गावात परक्या माणसाला स्वच्छ खोली मिळावी, ही अपेक्षा मात्र त्याने रुजवली.

आणि आता पॉल द व्हिव्ही, ज्याला सगळे ‘व्हेलोसिओ’ म्हणत. १८५३ मध्ये प्रोव्हाँसमधल्या पेर्न गावी जन्मलेला हा माणूस सेंत-एतियेन शहरात रेशमाचा व्यापार करत होता. सायकलचं वेड लागलं, व्यापार सुटला, आणि १८८७ मध्ये त्याने ‘ल सिक्लिस्त’ हे मासिक सुरू केलं. स्वतः शाकाहारी, एस्परांतो भाषेचा पुरस्कर्ता, आणि रात्रभर सायकल चालवत दक्षिणेला उतरून जाण्याची आवड. सेंत-एतियेन डोंगराळ भागात आहे. शहराबाहेर पडलं की कोल द ला रेपुब्लिक ही ११६१ मीटर उंचीची खिंड लागते. एकाच गिअरवर ती चढताना साधारण माणसाचा दम जातो. म्हणून व्हेलोसिओने पेडलपाशी दोन दाते-चक्रं लावली. सुरुवातीला गिअर बदलायचा म्हणजे सायकलवरून उतरून साखळी हाताने एका चक्रावरून दुसऱ्यावर घ्यायची, हात काळे करायचे आणि पुन्हा निघायचं. यातूनच त्याच्या भोवतीच्या सेंत-एतियेनच्या कारागिरांनी आणि सायकलस्वारांनी पुढच्या दोन-तीन दशकांत चालत्या सायकलवर बदलता येणारे गिअर विकसित केले.

त्याचे सात नियम आजही फ्रेंच सायकलस्वारांना तोंडपाठ असतात. थांबे थोडे आणि छोटे, म्हणजे लय तुटत नाही. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या. अन्न जाणार नाही, झोप लागणार नाही इतकं दमू नका. थंडी वाजण्याआधी अंगावर घाला, उकडण्याआधी काढा. प्रवासात दारू, मांस, तंबाखू टाळा. जोर लावू नका, विशेषतः पहिल्या काही तासांत. आणि शेवटचा: मिरवण्यासाठी कधीही पेडल मारू नका.

या शेवटच्या नियमाने त्याला शर्यतवाल्यांच्या समोर उभं केलं. तूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांचं मत उघड होतं की गिअर वयस्कांसाठी. खरा सायकलस्वार स्नायूंच्या जोरावर जिंकतो. त्यांच्या शर्यतीत डेरेलरला, म्हणजे चालत्या सायकलवर साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेला, १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. म्हणजे आज कोणत्याही सायकलवर दिसणारी ही वस्तू फ्रान्समध्ये शर्यतीने कित्येक वर्षं नाकारली आणि फिरस्त्यांनी जोपासली. मला या वादात व्हेलोसिओचीच बाजू पटते. पन्नाशीचा शिक्षक, शिवणकाम करणारी बाई, नवशिका मुलगा, यांना डोंगर चढता यावा हा विचार शर्यत जिंकण्याच्या विचारापेक्षा मोठा आहे. १९३० मध्ये सेंत-एतियेनमध्ये ट्रामच्या धडकेने व्हेलोसिओ गेला. त्याच खिंडीत त्याचं स्मारक आहे, आणि दरवर्षी सायकलस्वार तिथे चढून जातात.

याच भांडणाची एक शाखा आपल्यापर्यंत पोहोचली आहे. देग्रांज यांच्या ऑडॅक्स या लांब पल्ल्याच्या सायकलिंगच्या पद्धतीत सगळ्यांनी कप्तानामागे एकाच वेगाने जायचं असे. १९२१ मध्ये ऑडॅक्स क्लब पारिसियँने त्यांच्यापासून वेगळं होऊन ज्याच्या-त्याच्या वेगाने करायच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब फेऱ्या, सुरू केल्या. पुणे, मुंबई, नाशिकमध्ये होणाऱ्या २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या बीआरएम नावाच्या ब्रेव्हे याच क्लबच्या मान्यतेने होतात, आणि दर चार वर्षांनी आपल्याकडचे रँडोनिअर, म्हणजे अशा फेऱ्या करणारे सायकलस्वार, १२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिससाठी नॉर्मंडी-ब्रिटनीच्या याच गावरस्त्यांवर जातात.

निवांत सायकल सामान्यांची झाली ती १९३६ मध्ये. लेओं ब्लुम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. क्रीडा आणि फुरसतीच्या खात्याचे उपमंत्री लेओ लाग्रांज यांनी रेल्वेभाड्यात ४० टक्के सवलत मिळवून दिली, आणि मार्क सांनिए यांनी काही वर्षांपूर्वी सुरू केलेली युवा वसतिगृहं भरून गेली. नवरा-बायको दोघांनी चालवायच्या टँडम सायकलवर बसून आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहायला निघाले. याच सुमारास पॅरिसलगत आलेक्स सिंगेर आणि रने एर्स यांनी फिरस्त्यांसाठी सायकली बांधल्या: रुंद टायर, मडगार्ड, दिवा आणि कॅरिअर फ्रेमबरोबरच जुळवलेले. अशी काळजी त्याआधी शर्यतीच्या सायकललाच मिळत असे.

युद्धानंतर सोलेक्स मोपेड आणि ‘दू शेव्हो’ मोटार आली आणि दोन-तीन दशकं सायकल मागे पडली. परतीची वाट बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून निघाली. १९९७ मध्ये बर्गंडीत जिव्ह्री ते क्ल्युनी या जुन्या लोहमार्गावर हरितमार्ग, म्हणजे मोटारींना बंदी असलेली वाट, सुरू झाला. मग लुआर नदीकाठचा सुमारे ९०० किलोमीटरचा मार्ग, र्‍होन नदीचा मार्ग, अटलांटिक किनाऱ्याचा मार्ग. सतराव्या शतकात रिके यांनी खोदलेल्या कनाल द्यू मिदी या कालव्याच्या काठानेही लोक जातात, पण तिथली वाट बऱ्याच ठिकाणी मुळांनी उखडलेली आहे, आणि सावली देणारी ‘प्लेन’ जातीची झाडं बुरशीच्या रोगामुळे हजारोंनी तोडावी लागली आहेत.

लुआर मार्गावरून ‘आक्युई व्हेलो’ (सायकलस्वारांचं स्वागत) ही मान्यता देशभर गेली: मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत मुक्काम, सायकलसाठी सुरक्षित जागा, दुरुस्तीची हत्यारं. योजना चांगली आहे. पण तिचा भर मोठ्या, नावाजलेल्या मार्गांवर आहे, आणि तिथे उन्हाळ्यात आता दाटी होते. मला जास्त काळजी वाटते ती मार्गाबाहेरच्या खेड्यांची. गावातला शेवटचा कॅफे बंद होतो, बेकरी आठवड्यातले काही दिवसच उघडी असते, किराणा दुकान वीस किलोमीटरवर गेलेलं असतं. अनुभवी फिरस्ते म्हणून पाव सकाळीच घेऊन ठेवतात आणि पाण्यासाठी चर्चजवळचं कब्रस्तान शोधतात, कारण फुलझाडांसाठी तिथे बहुतेक वेळा नळ असतो. रस्ते उत्तम आहेत, मोटारी नाहीत, आणि जेवायला काही नाही, अशी अवस्था होऊ लागली आहे. हरितमार्गांवर खर्च होणाऱ्या पैशातला थोडा भाग एखाद्या कम्यूनने आपला कॅफे चालू ठेवायला वापरला, तर सायकलस्वारांचा आणि गावात उरलेल्या म्हाताऱ्या माणसांचा, दोघांचाही फायदा होईल. काही कम्यूननी नगरपालिकेच्याच जागेत कॅफे आणि किराणा एकत्र चालवायला सुरुवात केली आहे.