फायर ब्लाइट आणि फुलांवरचे निरुपद्रवी जिवाणू : पार्श्वभूमी

झाडांनाही जिवाणूंमुळे रोग होतो, हे पहिल्यांदा दिसून आले ते सफरचंद-नाशपातीवरच्या फायर ब्लाइटमध्ये. अमेरिकेच्या हडसन खोऱ्यात १७८० च्या सुमारास झाडे आगीने होरपळल्यासारखी दिसू लागली आणि त्यामागचा जिवाणू ओळखायला पुढची शंभर वर्षे गेली. १९१९-२० मध्ये हा रोग न्यूझीलंडला, १९५७ मध्ये इंग्लंडला आणि २०१५ मध्ये दक्षिण कोरियाला पोचला. या रोगाला अडवायला फुलांवर फवारायचे जिवाणू खरेच निरुपद्रवी आहेत का, असा वाद आज जनुकसंचांच्या, म्हणजे जिवाणूंच्या संपूर्ण डीएनएच्या, तुलनेवरून चालतो; त्याची मुळे मात्र गेल्या पन्नासेक वर्षांतली आहेत.

१९५० च्या दशकापासून अमेरिकेतले बागायतदार फुलोऱ्यावर स्ट्रेप्टोमायसीन हे प्रतिजैविक फवारत आले. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नाशपातीच्या बागांत त्याला दाद न देणारे जिवाणू सापडले आणि पर्यायाचा शोध सुरू झाला. पर्याय फुलावरच होता. उमललेल्या फुलात स्त्रीकेसराचा ओलसर माथा असतो. एर्विनिया अमायलोव्होरा हा रोगकारक आधी तिथे, फुलाला काहीही न करता, नुसता वाढतो. उबदार हवेत दोन-तीन दिवसांत एकेका फुलावर त्याची संख्या दहा लाखांपर्यंत जाते. मग एखादी सर आली किंवा भरपूर दव पडले, की पाण्याबरोबर तो खाली मकरंदकोषात उतरतो आणि तिथून झाडात शिरतो. फूल काळे पडते, शेंडा वाकून लटकतो, सालीतून पिवळसर चिकट थेंब पाझरतात. पण तोच माथा आधी दुसऱ्या एखाद्या जिवाणूने व्यापला असेल, तर रोगकारकाला जागाही मिळत नाही आणि अन्नही.

असा दुसरा जिवाणू शोधायला लांब जावे लागले नाही. पानांवर, फुलांवर, धान्यावर सर्रास आढळणारा, पिवळ्या वसाहती करणारा एक जिवाणू शेतीतल्या लोकांना एर्विनिया हर्बिकोला या नावाने ठाऊक होता. अडचण झाली ती त्याच्या नावाची, आणि इथे थोडे थांबावे लागेल, कारण पुढचे सगळे निर्णय या नावावर अडले.

जुलै १९७० ते एप्रिल १९७१ या काळात अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांत ३७८ रुग्णांना सलाइनमधून रक्तात जिवाणूंचा संसर्ग झाला. बाटलीच्या झाकणातले अस्तर बदलले होते आणि त्या नव्या अस्तरात जिवाणू टिकून राहत होते. त्यात हर्बिकोलाच्या गोतावळ्यातलेही होते. १९७२ मध्ये वैद्यकीय बाजूने या साऱ्या गोतावळ्याला एन्टरोबॅक्टर ॲग्लोमेरन्स या एका नावाखाली घातले. ज्याचे नेमके काय ते कळत नाही, तो पिवळा जिवाणू या नावात जाऊन पडू लागला. १९८९ मध्ये त्यातून पॅन्टोइया ॲग्लोमेरन्स ही प्रजाती वेगळी काढली गेली, पण रुग्णालयांच्या संग्रहांतल्या जुन्या कुप्यांवरची चिठ्ठी बदलताना आतला जिवाणू पुन्हा तपासला गेलाच असे नाही.

परिणाम बागायतदाराने भोगला. काटा टोचून सांध्यात शिरलेला, अशक्त रुग्णाच्या रक्तात सापडलेला जिवाणू म्हणून युरोपात ही प्रजाती जैवसुरक्षेच्या दुसऱ्या गटात, म्हणजे माणसाला रोग करू शकणाऱ्यांत, बसली. अमेरिका, कॅनडा आणि न्यूझीलंडमध्ये तिचे निवडक स्ट्रेन, म्हणजे एकाच प्रजातीतले वेगवेगळे वाण, फुलोऱ्यावर फवारायला परवानगी मिळाली. युरोपात नोंदणीची वाट याच वर्गवारीने अडवली. रुग्ण खरे होते, सावधगिरीही रास्त होती. पण एका बाजूला अब्जावधी पेशी प्रतिजैविकाला सरावत असताना दुसऱ्या बाजूला संपूर्ण प्रजातीला चिठ्ठीवरून दोषी धरणे हे मला पटत नाही.

२००९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी झाडांवरचे आणि रुग्णालयांतले स्ट्रेन जनुकांच्या पातळीवर शेजारी ठेवले. रुग्णालयांतून आलेले, ॲग्लोमेरन्स म्हणून जपलेले बरेच स्ट्रेन मुळात त्या प्रजातीचे नव्हतेच. जे खरोखर होते, ते बागेतल्या स्ट्रेनपासून वेगळे काढता येईनात. याचा अर्थ दोन्हीकडून लावता येतो: रुग्णालयातल्या स्ट्रेनमध्ये खास घातक असे काही नाही, किंवा बागेतलाही पूर्ण निर्धोक म्हणता येत नाही. पहिला अर्थ मला जास्त सरळ वाटतो, कारण प्रकृती ढासळलेल्या माणसाच्या रक्तात थेट गेलेला कोणताही जिवाणू अपाय करू शकतो. गुंता इथेही संपला नाही. मिशिगनमधल्या सफरचंदाच्या झाडावरून मिळालेला आणि ॲग्लोमेरन्स म्हणूनच बाजारात आलेला सी ९-१ हा स्ट्रेन पॅन्टोइया व्हॅगन्स या वेगळ्याच प्रजातीचा निघाला. त्याचा संपूर्ण जनुकसंच २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या नावामुळे त्याच्याकडे संशयाने पाहिले गेले, ते नाव त्याचे नव्हतेच.

रोगकारकाच्या बाजूचे चित्र त्याच सुमारास स्पष्ट झाले. एर्विनिया अमायलोव्होराचे दोन जनुकसंच २०१० मध्ये आले, एक न्यूयॉर्कच्या सफरचंदावरचा, दुसरा उत्तर फ्रान्समधल्या हॉथॉर्नवरचा. दोन्ही डीएनएच्या सुमारे ३८ लाख अक्षरांचे आणि जवळजवळ तंतोतंत सारखे. रोगासाठी त्याला दोन गोष्टी अटळ लागतात: झाडाच्या पेशीत प्रथिने टोचणारी यंत्रणा आणि अमायलोव्होरान नावाचे चिकट शर्करावेष्टण. यांतली एक काढली तरी रोग होत नाही.

म्हणूनच एर्विनिया टास्मानिएन्सिसने सगळ्यांना विचारात पाडले. ऑस्ट्रेलियातल्या सफरचंद-नाशपातीच्या फुलांवर मिळालेला हा निरुपद्रवी जिवाणू. २००८ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला, तर ती टोचणारी यंत्रणा त्यातही होती. हत्यार असूनही तो रोग करत नाही. उलट एर्विनिया बिलिंगी या दुसऱ्या निरुपद्रवी नातलगात ती यंत्रणा नाही, पण त्याचे गुणसूत्र सुमारे ५१ लाख अक्षरांचे, म्हणजे रोगकारकापेक्षा बरेच मोठे. रोगकारक होताना या वंशात नवे मिळण्याबरोबर जुने गमावणेही झालेले दिसते. अमुक एक जनुक आहे की नाही एवढ्यावर भला-बुरा ठरवण्याची सोय त्यामुळे राहिली नाही.

नियामकांच्या बाजूने एक मुद्दा मात्र ठाम उभा राहतो. पॅन्टोइया ॲग्लोमेरन्सचेच काही स्ट्रेन जिप्सोफिलाच्या, म्हणजे गुलदस्त्यातल्या त्या बारीक पांढऱ्या फुलांच्या, झाडावर गाठी आणतात. ही करामत एका प्लाझ्मिडची, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या तुकड्याची, आहे. ते असले तर रोगकारक, नसले तर नाही. म्हणजे प्रजातीवर विसंबून निर्दोष ठरवणेही तितकेच चुकीचे. फवारायचा तो नेमका स्ट्रेन वाचावा लागतो, आणि आज ते काम पूर्वीच्या मानाने फार स्वस्तात होते.

अमेरिकेत ऑक्टोबर २०१४ पासून सेंद्रिय सफरचंद-नाशपातीला स्ट्रेप्टोमायसीन बंद झाले, तेव्हापासून या जिवाणूंची आणि यीस्टची मागणी वाढली. महाराष्ट्रात फायर ब्लाइट नाही, पण डाळिंबाच्या तेल्या रोगावर स्ट्रेप्टोसायक्लीन, म्हणजे स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीनचे मिश्रण, वर्षानुवर्षे फवारले गेले आहे. तेल्याचा जिवाणू झँथोमोनास वंशातला. त्याचा एक जनुकसंच २०१२ मध्ये जाहीर झाला. याच वंशातले अक्रोडावरचे रोगकारक आणि निरुपद्रवी स्ट्रेन २०१५ मध्ये असेच ताडून पाहिले गेले. डाळिंबाच्या फुलांवर आणि पानांवर राहणाऱ्या निरुपद्रवी जिवाणूंची अशी तुलना औषध म्हणून त्यांची नोंदणी मागण्याच्या आधीच व्हायला हवी, आणि ती संपूर्ण जनुकसंचावरून.