एकदांडी

एकदांडी (ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स) : सूर्यफुलाच्या कुलातील (ॲस्टरेसी) बहुवर्षायू रानटी वनस्पती. दगडी पाला, कंबरमोडी ही तिची आणखी नावे. नागपुरात तिच्यासाठी रानात जावे लागत नाही. सेमिनरी हिल्सच्या मुरमाड उतारावर, रुळांच्या कडेला, घरे न उठलेल्या लेआऊटमध्ये, फरशीच्या सांध्यातही ती उगवते. वावराच्या धुऱ्यावर आणि काटोल-नरखेडकडच्या संत्राबागांत ती तण म्हणून निंदली जाते.

खोड जमिनीवर लोळते, पेऱ्यांना मुळे फुटतात, शेंडा तेवढा वर उठतो. पाने समोरासमोर, दातेरी आणि खरखरीत. त्यांतून वीतभर उंच, बिनपानांचा दांडा निघतो व टोकाला एकच फूल येते. हे फूल म्हणजे खरे तर फुलोरा : मध्ये बारीक पिवळी फुले, कडेने बहुधा पाच फिकट पाकळ्या, प्रत्येकीला तीन दाते. फळांना पिसासारखे केस असतात. वाऱ्याची झुळूक आली की ती दूर जाऊन पडतात. मेमध्ये पारा ४५ अंशांवर चढतो, नवतप्यात गवत करपते, तरी नळाच्या किंवा कुंडीच्या ओलीवर एकदांडी फुललेली दिसते. त्या दिवसांत लहान फुलपाखरांना तिचा मोठा आधार असतो.

तिचे मूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेत. लिनियसने १७५३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले. अमेरिकेत ती आज घातक तणांच्या सरकारी यादीत आहे. ही वनस्पती परदेशी असल्याने चरक-सुश्रुतांना ती ठाऊक असणे शक्य नव्हते. म्हणजे जखमेवर तिचा पाला लावण्याचे ज्ञान ग्रंथांतून आलेले नाही. गुराख्यांनी, निंदणाऱ्या बायांनी नव्या झाडाला हात लावून, चोळून, पारखून ते मिळवले. तिच्याबद्दल सांगण्यासारखे सर्वांत मोलाचे हेच आहे.

विळा लागला, खरचटले, की चार पाने तळहातावर चोळून रस जखमेवर पिळतात व चोथा वर दाबून धरतात. रक्त लवकर थांबते असा अनुभव आहे. प्रयोगशाळेत उंदरांवर झालेल्या अभ्यासांतही जखम भरण्यास मदत झाल्याचे दिसले आहे. पण रस्त्याकडेच्या पाल्यावर धूळ आणि कुत्र्यांची घाण असते. पाला व जखम दोन्ही स्वच्छ धुतल्याशिवाय तो लावू नये. खोल जखमेला टाके आणि धनुर्वाताचे इंजेक्शनच हवे. तिथे पाल्यावर विसंबणे धोक्याचे.

केसांच्या तेलातही ती वापरतात, आणि काही ठिकाणी भृंगराज म्हणून तीच खपते. खरा भृंगराज म्हणजे माका. तो तलावाकाठी, ओलीत वाढतो, फुले पांढरी आणि बारीक असतात व पान चुरगळले की काळे पडते. गाजरगवताशी गल्लत झाली तर मात्र त्रास होतो. तेही याच कुलातले आणि याच पडीक जागांवरचे, पण त्याने अनेकांच्या अंगाला खाज व पुरळ येते. त्याची पाने गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली असतात आणि खोड ताठ उभे वाढते. म्हणून पाला खुडण्याआधी खोड लोळते का आणि दांड्यावर एकच फूल आहे का, एवढे पाहावे.

बकऱ्या हा पाला खातात. ससे पाळणारेही तो कापून नेतात.